शेजारणीसाठी प्रार्थना करायला बसते आणि शब्दच फुटत नाहीत

शेवंती | सोमवार, रात्री १०.१०

सर्वांना सलाम.

मी सोलापुरात राहते, जुळे सोलापूर भागात. रो-हाऊस आहे, एक भिंत सामाईक. भिंतीपलीकडच्या घराशी गेली दोन वर्षं आमचं जमत नाही. आधी गाडी आमच्या फाटकासमोर लावण्यावरून झालं, मग झाडलेला कचरा आमच्या उंबऱ्याकडे लोटण्यावरून. ते सगळं मी गिळलं. पण आता पाण्यावरून जे चाललंय ते सोसवत नाही.

बाहेरगावच्यांसाठी सांगते. आमच्याकडे नळाला रोज पाणी नसतं. आमच्या भागात पाचव्या दिवशी सुटतं, तेही पहाटे तीनला नाहीतर चारला. त्या दोन-अडीच तासांत पुढच्या पाच दिवसांचं भरून घ्यायचं. शेजारी नळाला थेट मोटार लावतात. मोटार कधी सुरू झाली हे बघायला मला बाहेर जावं लागत नाही, भिंतीला हात टेकवला की कळतं. भिंत हाताखाली थरथरते आणि त्याच घटकेला आमच्या नळाची धार सुतासारखी होते. एक घागर भरायला वीस मिनिटं. आमच्या ह्यांना साखरेचा त्रास आहे, पायाची जखम अजून भरलेली नाही, त्यामुळे बादल्या मी एकटीच उचलते.

मागे एका पाण्याला माझा तोल गेला. साडेतीन वाजता मी त्यांचं दार बडवलं आणि तोंडाला येईल ते बोलले. अक्काही बोलल्या (सगळी गल्ली त्यांना अक्काच म्हणते). गल्लीतले चार दिवे लागले. शेवटी अक्का म्हणाल्या, "दर रविवारी चर्चला जाता ना? तिथं हेच शिकवतात का?"

हे वाक्य गेले नऊ दिवस माझ्या कानातून गेलेलं नाही.

पुढच्या रविवारी आमच्या चर्चमध्ये प्रभुभोजन (प्रभूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षरस घेण्याचा विधी) होतं. मत्तय ५:२३-२४ मला पाठ आहे. वेदीपाशी आल्यावर आठवलं की कोणाच्या मनात आपल्याविषयी काही आहे, तर अर्पण तिथंच ठेव, आधी जाऊन समेट कर. माझ्या ओळीतले सगळे उठून पुढे गेले, मी बाकावरच बसून राहिले. चाळीस वर्षांत पहिल्यांदा.

रोज रात्री प्रार्थनेला बसते. "प्रभू, अक्कांना..." इथवर येते आणि थांबते. पुढे मनात येतं ते एकच, की ह्यांना इथून हलव. ही प्रार्थना म्हणता येत नाही आणि दुसरी सुचत नाही. तुमच्यापैकी कोणी ह्यातून गेलं असेल तर सांगा. वचनं मला माहीत आहेत. त्या वचनांप्रमाणे पहाटे साडेतीनला वागायचं कसं, ते हवंय.

---

रेल्वेलाइन्सकर | सोमवार, रात्री १०.४५

ताई, सलाम. आमच्याकडे पाण्याऐवजी जिन्यावरून आहे, बाकी सगळं हेच. मार्ग मलाही सापडलेला नाही, म्हणून उपदेश करत नाही. आज रात्रीच्या घरच्या प्रार्थनेत तुमचं आणि अक्कांचं, दोघींचं ठेवतो.

---

गिरणीकाका | मंगळवार, सकाळी ६.२०

शेवंतीताई, माझं वय एकोणऐंशी. गिरणीत साच्यावर आयुष्य गेलं. आमच्या चाळीत बावीस बिऱ्हाडांना एक नळ होता. भोंगा व्हायच्या आधी पाणी यायचं आणि पहिल्या पाळीला जाणाऱ्यांच्या बायका रात्रीच घागरी रांगेत लावून ठेवायच्या. घागर नसली तर दगड. कोणी दगड सरकवला की सकाळी तिथं रक्त निघायचं बाकी असायचं. म्हणून पाण्याच्या भांडणाला मी कधी लहान म्हणत नाही. आपल्या गावात पाणी म्हणजे जीवच.

तुम्ही उत्पत्तीचा २६ वा अध्याय पुन्हा काढा. शेजाऱ्यांच्या भांडणावर त्याच्याइतकं नेमकं मला दुसरीकडे मिळालं नाही, आणि तिथंही भांडण पाण्याचंच आहे. इसहाकाच्या माणसांनी गराराच्या खोऱ्यात विहीर खणली, जिवंत पाणी लागलं. तिथले गुराखी आले, म्हणाले पाणी आमचं. इसहाकाने त्या विहिरीचं नाव ठेवलं एसेक, म्हणजे भांडण. दुसरी खणली, तिच्यावरही तंटा. तिचं नाव सितना, म्हणजे वैर. तिसरीवर कोणी भांडायला आलं नाही, ती रहोबोथ, म्हणजे ऐसपैस जागा.

लोक ह्याचा अर्थ लावतात की ख्रिस्ती माणसाने सोडून द्यावं. मी तसा लावत नाही. सोळावी ओवी बघा. तिथला राजा अबीमलेख स्वतःच म्हणतो, तू आमच्यापेक्षा फार बलवान झाला आहेस. म्हणजे इसहाकाला लढता येत होतं. ज्याच्या अंगात बळ आहे त्याने सोडलं, तेव्हा त्या सोडण्याला किंमत आली. आणि भांडणाचं नाव त्याने विहिरीला दिलं, माणसांना नाही. विहीर मागे राहिली, तिच्याबरोबर नावही मागे राहिलं. आपण उलटं करतो. मोटार बंद झाली तरी 'ती भांडखोर बाई' हे नाव गल्लीत वीस वर्षं फिरतं.

पुढे तोच अबीमलेख त्याच्या दाराशी येतो. तेव्हा इसहाक गोड बोलत नाही. सरळ विचारतो, तुम्ही माझा द्वेष करता, मला घालवून दिलंत, मग आता कशाला आलात? (ओवी २७) मनातलं आधी बोलला, मग पंगत घातली. क्रम लक्षात ठेवा. न बोलता घातलेल्या जेवणाने मन साफ होत नाही. आणि ज्या दिवशी शपथ झाली त्याच दिवशी चाकर सांगत आले, की आम्हांला पाणी लागलं आहे.

तुम्हाला तिसरी विहीर खणायला जागा नाही, हे मला कळतं. तरी अध्याय वाचा. पहाटे पाण्याची वाट बघत बसाल तेव्हाच वाचा.

---

सातरस्ता | मंगळवार, दुपारी १.०५

काका, तुमचा मान राखून बोलतो. दर वेळी आपणच का सोडायचं? आमच्या वडिलांनी आयुष्यभर सोडलं. भिंत एक फूट आत आली, सोडलं. सांडपाणी आमच्या अंगणात आलं, सोडलं. शेजारच्यांना कळून चुकलं की ही माणसं ख्रिस्ती आहेत, काही करत नाहीत. वडील गेले तेव्हा अंगणातून तिरडी... आमच्याकडे पेटी... नीट बाहेर काढता येईना इतकी जागा राहिली होती. मी त्या रात्री स्तोत्र १०९ वाचलं, मोठ्याने. त्याची मुलं अनाथ होवोत वगैरे सगळं. आणि मला बरं वाटलं. हे पाप असेल तर सांगा, पण खोटं बोलणार नाही.

---

पाळकाच्या घरातून | मंगळवार, रात्री ९.३०

मी पाळकाची बायको. सत्तावीस वर्षांत मंडळीतल्या माणसांनी सर्वांत जास्त कशाबद्दल प्रार्थना मागितली असेल, तर पहिलं आजारपण, दुसरं मुलांच्या नोकऱ्या आणि तिसरं शेजारी. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी सातरस्ता, तुला. बाळा, तुझ्या वडिलांविषयी वाचून पोटात तुटलं. स्तोत्र १०९ पवित्र शास्त्रात आहे, कोणी चुकून ठेवलेलं नाही. ज्याच्यावर अन्याय झाला त्याची जीभ देवापुढे मोकळी व्हावी म्हणूनच ती स्तोत्रं आहेत. ते तू देवाला ऐकवलंस, भिंतीपलीकडे नाही ऐकवलंस, एवढं मला पुरे. पण तिथं मुक्काम करू नकोस. आता स्तोत्र १३९ चा शेवट वाच. एकविसाव्या-बाविसाव्या ओवीत दावीद म्हणतो की मी त्यांचा पुरता द्वेष करतो, ते माझे वैरी झाले आहेत. आणि लगेच तेविसावी: हे देवा, माझी झडती घे, माझं मन जाण. त्याच दमात. मध्ये एक ओळसुद्धा मोकळी नाही. राग देवाच्या हातात दिला की देव तोच हात धरून आपलं घर तपासायला लागतो. मला हे अनेकदा जड गेलं आहे.

शेवंतीताई, आता तुमचं.

तुमची प्रार्थना "प्रभू, अक्कांना..." इथं अडते, कारण पुढे काय मागायचं ते तुम्हाला माहीत नाही. मुलासाठी मागताना आपण अडतो का? परीक्षा माहीत, ताप माहीत, मित्र माहीत. ज्याच्याविषयी काहीच ठाऊक नाही त्याच्यासाठी मागता येत नाही, मग 'ह्यांना सुबुद्धी दे' एवढंच उरतं. आणि 'सुबुद्धी दे' म्हणजे बहुतेक वेळा 'माझ्यासारखं वागायला लाव' असं असतं. म्हणून मी बायकांना सांगते, आधी एक कागद घ्या. शेजारणीविषयी तुम्हाला खरोखर काय माहीत आहे ते लिहा. तिने तुम्हाला काय केलं ते लिहायचं नाही. तिच्या घरात कोण आहे, कोण आजारी, कोण कधी येतं, दिवा किती वाजेपर्यंत जळतो, तेवढंच. लिहून झाल्यावर त्यातली एकच गोष्ट धरून प्रार्थना करा. एकच.

दुसरं, वेळ. रात्री दहाला शांत बसून जी प्रार्थना होते ती पहाटे साडेतीनला कामाला येत नाही. तुमचा हात भिंतीवर असतो म्हणालात. तोच हात ठेवून तिथंच एक वाक्य म्हणा. मोठी प्रार्थना नको. राग जिथं येतो तिथंच प्रार्थनेची सवय लावावी लागते.

तिसरं सांगायला मला संकोच वाटतो, पण सांगते. हा विषय महिला मंडळात 'प्रार्थनाविनंती' म्हणून मांडू नका. मांडला तरी घर ओळखू येईल असा नको. मी डोळ्यांनी पाहिलंय, विनंती सांगता सांगता पंधरा मिनिटं शेजारणीची उणीदुणी निघतात आणि प्रार्थना होते दोन मिनिटं. शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष नको ही आज्ञा (निर्गम २०:१६) फक्त कोर्टापुरती नाही. एखादी विश्वासू मैत्रीण किंवा पाळक, बस.

आणि रोमकरांस १२:२० मधल्या निखाऱ्यांविषयी (वैरी भुकेला असेल तर त्याला खायला दे, असं केल्याने त्याच्या डोक्यावर निखाऱ्यांची रास करशील). बऱ्याच जणांना वाटतं, आपण इतकं चांगलं वागायचं की समोरच्याला लाजेने मान वर करता येऊ नये. तशा हेतूने दिलेली वाटी म्हणजे झाकण लावून दिलेला सूडच. त्याच्या आधीची ओवी सूड देवावर सोपवायला सांगते आणि नंतरची बऱ्याने वाइटाला जिंकायला सांगते. मधली ओवी तेवढी उचलून वापरू नका.

प्रभुभोजनाला उठला नाहीत त्याबद्दल स्वतःला दोष देऊ नका. बाकावर बसून राहणं हीसुद्धा त्या दिवशी प्रार्थनाच झाली. पण तिथंच बसून राहू नका. अर्पण वेदीपाशी ठेवून तो माणूस निघतो, हे वचनातच आहे. परत येण्यासाठी निघतो.

---

उजनी | बुधवार, सकाळी ८.००

मी पाणीपुरवठ्याच्या कामात होतो, तेवढंच लिहितो. नळाच्या लाइनला थेट मोटार लावली की ती मुख्य पाइपातलं पाणी ओढते आणि पुढच्या-मागच्या घरांचा दाब पडतो. ताईंच्या नळाची धार सुतासारखी होते ती त्यामुळे. ह्याच्यापेक्षा वाईट म्हणजे ओढ जास्त झाली आणि जमिनीत कुठे सांधा गळका असला, तर आजूबाजूची घाण त्या पाइपात ओढली जाते. म्हणजे मोटार लावणाऱ्याच्याच पिंपात आधी गढूळ पाणी येतं. उलट्या-जुलाबाची साथ आली की आम्ही पहिल्यांदा हेच शोधायचो.

बरोबर पद्धत अशी: पाणी आपल्या दाबाने जमिनीतल्या हौदात पडू द्यायचं आणि मोटार हौदातून वरच्या टाकीला लावायची. त्याने शेजाऱ्याचं पाणी तुटत नाही. तुमच्या शेजाऱ्यांकडे हौद आहे का, हे आधी बघा. बहुतेक नसणार.

---

शेवंती | बुधवार, रात्री ११.१५

सगळ्यांचं दोनदा वाचलं. काका, अध्याय वाचला. 'कशाला आलात' हा प्रश्न इसहाकाने विचारला होता, हे माझ्या कधी लक्षातच आलं नव्हतं.

वहिनी, तुम्ही सांगितल्याप्रमाणे कागद घेतला. दोन वर्षं भिंतीला भिंत, आणि कागदावर चार ओळी. मुलगा एमआयडीसीत कामाला. भाड्याने राहतात. अक्का सकाळी कोणाशी तरी तेलुगूत फोनवर बोलतात. आणि चौथी ओळ लिहिताना हात थांबला: गच्चीवरच्या दोरीवर रोज त्याच तीन चादरी वाळत असतात. रोज. निळ्या चौकटीची, एक लाल आणि एक विटून पांढरी पडलेली. पावसाळ्यातही होत्या. मी दोन वर्षं आमचे कपडे वाळत घालताना त्या बघतेय. रोज तीन चादरी कोण धुतं? घरात कोणीतरी अंथरुणाला खिळलेलं असल्याशिवाय?

हौदाचं माहीत नाही. पण भाड्याचं घर आहे म्हणजे घरमालक खणू देणार नाही, हे आत्ता लिहिताना सुचलं.

आज पहिल्यांदा प्रार्थनेचं वाक्य पूर्ण झालं. "प्रभू, त्या घरात जे कोणी झोपून आहे त्याला आजची रात्र बरी जाऊ दे." एवढंच.

---

हुग्गी | गुरुवार, सायंकाळी ७.४०

मी ख्रिस्ती नाही. आमच्या घरी सिद्धरामेश्वरांची भक्ती, गड्ड्याला (त्यांच्या जत्रेला) नंदीध्वज बघायला आम्ही सगळं कुटुंब जातो. पण हा धागा तीन दिवस वाचतोय आणि दुसऱ्या बाजूचं एक सांगावंसं वाटलं. राग मानू नका.

आमच्या शेजारी ख्रिस्ती कुटुंब आहे. त्यांच्याकडे शुक्रवारी प्रार्थना असायची. पेटी, टाळ, आणि मग कोणीतरी साउंड बॉक्स आणला. माणसं चांगली, भजनंही गोड, पण आईला अर्धांगवायू झाल्यावर तिला तो आवाज सहन होईना. ती रडायची. मला सांगायला तोंड होईना, कारण धर्माचा विषय. सांगितलं तर त्यांना वाटायचं की हा आमच्या देवाला विरोध करतोय. मी सहा महिने गप्प बसलो आणि त्या सहा महिन्यांत त्यांचा मनात इतका राग केला, की त्यांच्या मुलाला रस्त्यात बघून मान फिरवायला लागलो. त्यांना काहीच माहीत नव्हतं!

एका शुक्रवारी बॉक्स बंद पडला, वीज गेली म्हणून. त्यांची आजी गरमीने बाहेर येऊन बसली. माझी आई खाटेवर होती, दार उघडं. आजीने विचारलं, "बाई, आमच्या गाण्याने झोपमोड होते का तुमची?" बस, एवढंच. पुढच्या शुक्रवारपासून बॉक्स गेला, दारं लावून गाणी व्हायला लागली आणि आठ वाजता संपायला लागली. आई गेली तेव्हा ती आजी आमच्या बायकांच्यात रात्रभर बसली होती.

ताई, कदाचित अक्काही सहा महिने काहीतरी मनात धरून बसल्या असतील, जे तुम्हाला माहीतच नाही. विचारून बघा.

---

पाळकाच्या घरातून | गुरुवार, रात्री ८.५५

हुग्गीदादा, तुमचे आभार मानावेत तितके थोडे. आमच्याच नीतिसूत्रांत (२७:१४) लिहिलंय, की पहाटे उठून मोठ्याने शेजाऱ्याला आशीर्वाद दिला तर तो त्याला शापच वाटतो. हे वचन आम्ही गृहप्रार्थनेच्या आधी वाचायला हवं. आमच्या मंडळीत ह्या रविवारी मी ते सांगणार आहे, आणि तुमच्या आईंची आठवण ठेवून सांगणार आहे.

---

काळा कोट | शुक्रवार, सकाळी १०.३०

वकिलीच्या बाजूने थोडं, कारण अशा चर्चेत एक धोका असतो. क्षमा करायची म्हणून माणसं तक्रारच करत नाहीत, आणि मग एखाद्या दिवशी डोक्यात दगड घालतात. प्रेषितांची कृत्ये २२:२५ मध्ये पौलाला फटके मारायला बांधलं तेव्हा त्याने आपलं रोमन नागरिकत्व सांगितलं. २५:११ मध्ये तर त्याने थेट कैसराकडे, म्हणजे रोमच्या सम्राटाकडे, दाद मागितली. हक्क मागितल्याने त्याचा विश्वास कमी झाला नाही.

नळाला थेट मोटार लावायला परवानगी नसते, महापालिका अशा मोटारी जप्त करते. विभागीय कार्यालयात लेखी अर्ज देता येतो. आवाजाचं म्हणाल तर २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागाला दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे, रात्र म्हणजे १० ते ६. सातरस्ता यांच्या भिंतीसारख्या प्रकरणात आधी मोजणी करून घ्या, हातातल्या कागदाशिवाय कोणाशी बोलू नका. कोर्टात जायच्या आधी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो. तिथं दोघांना समोर बसवून तडजोड घडवतात. लोकअदालतीत झालेल्या तडजोडीवर अपील नाही, म्हणजे विषय तिथंच संपतो. १९८७ च्या विधी सेवा कायद्याने स्त्रियांना उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळतो. हे फार कमी बायकांना माहीत आहे.

आणि मारहाण, धमकी, बाईमाणसाचा पाठलाग असं काही असेल तर थांबू नका, ११२ लावा. तिथं दुसरा गाल पुढे करायचं वचन दुसऱ्याला सांगणं हा त्या माणसावरच अन्याय आहे.

मी पंधरा वर्षांत शेजाऱ्यांचे अनेक तंटे चालवले. जिंकलेले अशील निकालानंतरही त्याच भिंतीला भिंत लावून राहतात. म्हणून मत्तय १८:१५ चा क्रम मला वकील म्हणूनही पटतो. आधी एकट्याने, दोघांतच. मग एक-दोन जण बरोबर घेऊन. मग चारचौघांत. ताईंनी पहाटे साडेतीनला गल्लीदेखत केलं ते थेट तिसऱ्या पायरीवरून सुरू झालं.

---

सातरस्ता | शुक्रवार, रात्री ९.२०

मोजणीचा अर्ज करतो. वकीलसाहेब, धन्यवाद.

वहिनी, १३९ वाचलं. आज त्यावर काही बोलवत नाही.

---

शेवंती | रविवार, दुपारी ४.००

काल दुपारी गेले. हातात काही नेलं नाही. शेंगापोळ्या नेणार होते, पण वहिनींचं झाकण लावलेल्या सुडाचं वाक्य आठवलं. माझ्या मनातलं मला अजून नीट ठाऊक नव्हतं, म्हणून रिकाम्या हाताने गेले.

दार अक्कांनीच उघडलं. मला बघून चेहरा घट्ट केला. मी म्हटलं, "त्या दिवशी गल्लीदेखत बोलले ते चुकलं माझं. पाण्याचं मला बोलायचं आहे, पण ते आधी नाही. घरात कोण आजारी आहे?"

त्या बराच वेळ काहीच बोलल्या नाहीत. मग बाजूला झाल्या. आतल्या खोलीत त्यांच्या सासूबाई आहेत, तीन वर्षं झाली कंबर मोडून. अंगावर निळ्या चौकटीची चादर. पूर्वी विड्या वळायच्या, अजूनही बोटं तशीच हलतात, चादरीच्या काठाशी, पान दुमडल्यासारखी. मी खूप वेळ त्या बोटांकडेच बघत राहिले. दिवसातून तीन-चारदा अंथरूण बदलावं लागतं. पाणी पाच दिवस पुरवायचं तर दोन पिंपं चादरींनाच जातात. हौद नाही. घरमालक नको म्हणतो.

मी काकांच्या क्रमाने गेले. माझंही बोलले. ह्यांच्या पायाची जखम, वीस मिनिटांची घागर, भिंतीची थरथर. अक्का म्हणाल्या, तुमची धार जाते हे मला माहीतच नव्हतं, मला वाटलं तुम्हाला मोटारीचा आवाज खुपतो. मला हे पूर्ण पटलं असं म्हणणार नाही. पण त्या क्षणी मी वाद घातला नाही.

हुग्गीदादा, तुमचं खरं निघालं. त्यांच्याही मनात होतं. दीड वर्षापूर्वी नाताळात आम्ही गल्लीत सगळ्यांकडे करंज्या दिल्या आणि त्यांच्याकडे दिल्या नाहीत. आम्हाला वाटलं होतं त्या गावी गेल्यात, दाराला कुलूप होतं. त्या आत होत्या. सासूबाईंना एकटं सोडता येत नाही आणि मुलगा बाहेरून कुलूप लावून जातो. दार उघडायला धावत यायला नको म्हणून. आमच्या आवाजावरून त्यांना कळलं होतं, की आम्ही पुढच्या दारी गेलो.

चर्चवरून बोललेल्या वाक्याबद्दल त्यांनी काही म्हटलं नाही, मीही काढलं नाही. ते अजून दुखतं. गाडी आजही आमच्या फाटकासमोरच उभी आहे.

---

गिरणीकाका | रविवार, सायंकाळी ५.३०

ताई, मी ही ओळ फोन डोळ्यांजवळ धरून लिहितोय. त्या विड्या वळणाऱ्या आजींसाठी आजपासून माझीही प्रार्थना. गाडीचं नंतर बघू.

---

उजनी | रविवार, सायंकाळी ६.१०

हौद होत नसेल तर एक उपाय. जमिनीवर ठेवायची पाचशे लिटरची टाकी घ्या. ती नळाच्या पातळीपेक्षा खाली ठेवली, म्हणजे ओट्याच्या खालच्या अंगाला, तर दाबाने आपोआप भरते. मोटार तिला लावायची. घरमालकाला विचारायची गरज नाही, काही खणायचं नाही. आणि जोपर्यंत टाकी येत नाही तोवर दोघींनी पाणी वाटून घ्या, पहिला तास एक, दुसरा तास दुसरी.

---

शेवंती | गुरुवार, पहाटे ५.३५

आज पाणी होतं. तीन दहाला सुटलं. मी भिंतीला हात लावून उभी होते, सवयीने. चारपर्यंत भिंत थंड होती. आमच्या सगळ्या बादल्या आणि मोठं पिंप भरलं. चारला मी आमचा नळ बंद केला आणि भिंतीवर दोनदा टकटक केलं, तसं ठरलं होतं. लगेच मोटार सुरू झाली. पण पावणेपाचला पाणी गेलं आणि त्यांचं एकच पिंप भरलं होतं. अक्का ओट्यावर आल्या, काही बोलल्या नाहीत, पिंपाकडे बघत उभ्या राहिल्या. पुढच्या वेळी पहिला तास त्यांचा, असं मी म्हटलं. आमच्या पिंपातल्या पाण्याने त्यांचं दुसरं अर्धं भरलं. आमचा पाइप आखूड पडला, म्हणून शेवटी मी आणि अक्का बादलीने ओतत होतो, भिंतीवरून. त्यांच्या बाजूला उभं राहायला एक मोडका स्टूल आहे.

टाकीला दोघींनी निम्मे-निम्मे द्यायचे की कसं, हे अजून बोलायचंय. आमचे हे म्हणतात आपण का द्यायचे. त्यांच्याशीही बोलायचंय.

पुढचं पाणी मंगळवारी. त्याआधी हार्डवेअरच्या दुकानातून अर्धा इंची पाइप दहा फूट आणि एक जोडणी आणायची आहे. सासूबाईंना रात्री झोप लागत नाही असं कळलं, कृपा करून सगळ्यांनी त्यांच्या झोपेसाठी मागा.